अण्णाची लेबलं

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यासाठी चहाचं आधण ठेवत होते. डायलिसिसहून तो दुपारी एकपर्यंत परतायचा, आणि आल्या आल्या त्याला अर्धा कप चहा लागायचा. नर्स म्हणाली, "मशीनवर असतानाच गेले." मी गॅस बंद केला, परत लावला, पुन्हा बंद केला... पाच आठवडे झाले, माझं अजून तसंच चाललंय. एका जागी बसवत नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. कसबा बावड्यातल्या शाळेत त्यानं एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. प्रयोगशाळेतल्या बाटलीवर लेबल नसेल तर ती मोरीत ओतायची, हा त्याचा नियम. घरी मिठाच्या बरणीवरही 'मीठ' लिहिलेलं. माझ्या वाणसामानाच्या यादीखालीसुद्धा तो लाल पेनानं 'पाहिले' लिहून सही ठोकायचा, मुलांच्या वह्या तपासाव्यात तशी. मी चिडायचे. वहिनी गेल्यावर मीच त्याच्याकडे राहायला आले होते, त्यामुळे चिडायला दुसरं कुणी नव्हतंच.

नव्वदचं दशक संपता संपता तो बुद्धगयेला जाऊन आला. तिथं धर्मशाळेत मलेशियाहून आलेले एक म्हातारे चिनी वैद्य त्याच्या शेजारी उतरले होते. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून चांगलं जमलं. अण्णाचे सुजलेले पाय बघून त्यांनी स्वतःच्या कंबरेवर मागून दोन्ही हात ठेवले, "किडनी, किडनी" म्हणाले आणि वाळक्या मुळ्यांची पुडी त्याच्या हातात दिली. पुडीवरचं सगळं चिनीत. अण्णानं मुळ्या एका बरणीत भरल्या आणि बरणी पुस्तकांच्या मागे ठेवून दिली.

तीन-चार वर्षांनी त्याच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, अँजिओग्राफी करू, पण त्यात जो रंग सोडतात त्यानं किडनीला त्रास होऊ शकतो, आणि यांना तर साखर आहे. मला त्या मुळ्या आठवल्या.

"उकळून घे की अण्णा. त्या माणसानं एवढ्या मायेनं दिल्यात."

"काय हाय ते वाचता येतंय का तुला? मग गप बस."

गप बसणाऱ्यातली मी नाही. आदल्या संध्याकाळी त्यातले दोन तुकडे चहात उकळले, वर भरपूर आलं चेचून घातलं. "चहाला मातीचा वास मारतोय गं," तो म्हणाला. आलं नीट धुतलं नसेल, मी म्हटलं. त्यानं कप संपवला.

तपासणी पार पडली आणि तिसऱ्या दिवशी किडनीनं मान टाकली. डॉक्टरांनी विचारलं, "घरी काही काढा, झाडपाला दिला होता? काही मुळ्यांनी किडनी कायमची जाते." मी खाटेवरची चादर उगाच सारखी करायला लागले. तेवढ्यात अण्णाच म्हणाला, "न्हाय वो डॉक्टर. आमच्या घरात लेबल नसलेलं काय पोटात जात न्हाय."

त्याच्या ताठ्यामुळं मी वाचले, असं मला वाटलं. लाज वाटते, पण तेव्हा सुटल्यासारखंच वाटलं. पुढची दोन वर्षं मी त्याला दवाखान्यात नेत राहिले आणि बोलले नाही. रंगानं झालं, साखरेनं झालं की माझ्या हातानं? कधी वाटायचं मुळी गुणाचीच असेल, मीच कमी उकळली... डॉक्टरांनाही ते सांगता आलं नसतं, आणि मी तर विचारलंच नाही.

गेल्या रविवारी पुस्तकं आवरताना ती बरणी हाताला लागली. तिच्या मागच्या बाजूला लेबल होतं, त्या संध्याकाळी घाईत मी ते पाहिलंच नव्हतं. निळ्या शाईत: 'नाव: माहीत नाही. देणारा: माहीत आहे. तुकडे: अकरा.' 'अकरा'वर लाल रेघ मारून शेजारी 'नऊ' लिहिलेलं. खाली 'पाहिले', सही आणि तारीख. तारीख अँजिओग्राफीच्या आदल्या दिवसाची.

मुलांच्या वहीत तो 'चूक' किंवा 'बरोबर' असा शेरा मारायचाच. इथंही तसा शेरा असेल म्हणून मी बरणी कितीदा तरी फिरवून बघितली. मग आठवलं, त्यानंतर दोन वर्षं तो रोज माझ्याच हातचा चहा प्यायला. एकदाही वास घेऊन पाहिला नाही.