डब्ब्यातले रोडगे

ओव्हनवाली शेगडी आणायचं मी एकटीने ठरवलं, आणि ते केकसाठी नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. नात्यातल्या सगळ्या बायकांनी तसंच धरलं होतं. नणंद तर म्हणाली, वहिनीला या वयात पाव भाजायची हौस आली. मी तिला तेव्हा काही बोलले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

शेगडी हवी होती माझ्या सासऱ्यांसाठी, म्हणजे आमच्या मामाजींसाठी. नोकरी त्यांनी पाटबंधारे खात्यात केली, पण अर्ध्या अमरावतीत त्यांना लोक ओळखतात ते रोडग्यांमुळे. जाड दळलेल्या कणकेचे, तेलाचे पदर देऊन वळलेले गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, राख झटकायची, फोडून तूप ओतायचं आणि वरण-वांग्याच्या भाजीसोबत पोट फुटेस्तोवर खायचं. आमच्याकडे हे काम पुरुषांचं. बायकांनी फार तर वांगी चिरायची. दर हिवाळ्यात नांदगाव खंडेश्वरजवळ एका मित्राच्या शेतात ही मंडळी जमायची आणि आराजवळ मामाजींशिवाय कोणाला बसू द्यायची नाहीत.

मग त्यांची छाती भरायला लागली आणि डॉक्टरांनी धूर बंद केला. पुढच्या हिवाळ्यात मित्रांचा फोन आला. मामाजींनी सांगितलं, आमी बाहेरगावी चाललो. आणि दिवसभर इथेच दारात खुर्ची टाकून बसून राहिले. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तेच. रोडगे कोणाच्या घरी असले तरी जाईनात, कोणी डबा पाठवला तर झाकण उघडेनात. आणि सगळा राग निघायचा माझ्या स्वयंपाकावर. वरण पातळ, भाकर कच्ची, चटणीत मीठ नाही. मीही काही गरीब गाय नाही, एकाला दोन ऐकवायचे. पण खरं सांगू, त्या माणसाला असं दारात बसलेलं मला बघवत नव्हतं.

धूर नको तर ओव्हन घ्या, एवढी साधी गोष्ट मला सुचली. सांगायला गेले तर म्हणाले, रोडगा काय डब्ब्यात होते का? मी म्हटलं, न होऊन सांगते कोणाला. झाले नाहीत तर मी पुन्हा तुमच्यासमोर रोडग्याचं नाव काढणार नाही. हे मी तावातावात बोलून बसले आणि मग माझी झोप उडाली.

शोरूममध्ये ते येणार नाही म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसले. मांडीवर पिशवी होती. तिथल्या ताईंनी आम्हाला पाच बर्नरची, काचेच्या दाराची, उभी शेगडी दाखवली. आत दिवा, दोन जाळ्या, खाली ताटं ठेवायचा कप्पा. आमचे हे लगेच भाळले. यांना नवीन काहीही दाखवा, बटण असलं की झालं. ताई तापमानाबद्दल सांगत होत्या तेवढ्यात मामाजींनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. डब्यात वळलेले कच्चे रोडगे होते. पहाटे उठून, कोणाला न कळू देता केलेले.

"हे भाजून दाखवा," ते म्हणाले.

ताई बिचाऱ्या गोंधळल्या. ही नुसती मांडून ठेवलेली आहे, तिला गॅस जोडलेला नाही, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. मामाजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मंग हे शेगडी नाई, कपाट होय," म्हणाले आणि डबा पिशवीत घालून बाहेर जाऊन बसले. मला इतका संताप आला की मी तिथल्या तिथे शेगडी नक्की केली. आमचे हे म्हणत होते की जरा विचार करू. विचार करायला मी लग्नाआधी शिकायला हवं होतं, असं म्हणून मी त्यांना गप्प केलं.

शेगडी बसवायची म्हणून ओट्याचा तुकडा तोडावा लागला, त्यामुळे परतीची वाटही राहिली नाही. सोबत जाड हातमोजे आले, आणि एक फिरता दांडा. मामाजींनी तो उचलून विचारलं, हे कायले? अख्खी कोंबडी अडकवून फिरवत भाजायला, मी सांगितलं. कोंबडीले चक्कर येत असन, एवढं बोलून त्यांनी तो ठेवून दिला. आमचे हे कामाला अकोल्याला गेले होते, ते जुन्या शहरातून लोखंडाचा जाड पत्रा आणि लांब चिमटा घेऊन आले. या माणसाने लग्नानंतर पहिल्यांदा न सांगता उपयोगाची वस्तू आणली.

आता फक्त पेटवायची होती. तर मी आंघोळीला गेलेली बघून मामाजींनी मुहूर्त साधला. नव्या चुलीवर पहिल्यांदा दूध उतू घालवायचं असतं. त्यांनी काठोकाठ पातेलं मधल्या मोठ्या बर्नरवर चढवलं, आच पूर्ण केली आणि हात जोडून उभे राहिले. चुलीवर दूध राखेत जातं आणि विषय संपतो. इथे ते बर्नरमध्ये, ठिणगीच्या काडीवर, बटणांच्या फटीत, सगळीकडे गेलं. मी बाहेर आले तेव्हा शेगडी टक टक टक करत होती आणि थांबायचं नाव घेत नव्हती. पहिल्याच दिवशी. मी ओल्या केसांनीच कंपनीला फोन लावला.

मामाजी मात्र शांत. "दुधाले भेणारी शेगडी रोडगा काय भाजते?" एवढं म्हणाले आणि पेपर घेऊन बसले.

कंपनीचा माणूस म्हणाला, दूध हे वॉरंटीत येत नाही. मग फडकं, टाचणी आणि माझा केस वाळवायचा पंखा यांनी ती टकटक एकदाची बंद केली. ओव्हनला काही झालं नव्हतं, एवढंच नशीब.

रविवारी मी कणीक भिजवली. मुद्दाम सैल. पेपरच्या कडेवरून मामाजी बघत होते. मी तेल टाकलं, तेही कमी. ते उठले, बसले, पुन्हा उठले. शेवटी राहवलं नाही. हे रोडगे होय का पोळ्या, म्हणत त्यांनी परात माझ्या हातातून ओढून घेतली. मी निमूट बाजूला झाले. तोंड मी दुसरीकडे वळवलं, कारण मला हसू येत होतं.

कणीक त्यांनी सुधारली, पदर दिले, गोळे वळले, पत्र्यावर मांडले. ओव्हनसमोर खुर्ची घेऊन बसले. थोड्या वेळाने कुरकुर सुरू झाली. फुंकायचं नाही, गोवरी सरकवायची नाही, राख ओढायची नाही, माणसाने करायचं काय? दर घटकेला दार उघडून बघायचे. आच जाते ना मामाजी, मी ओरडले. मग नुसते काचेला नाक लावून बसले. आतल्या दिव्याच्या उजेडात रोडगे बदामी होत होते, आणि मामाजी खोकत नव्हते. हे माझ्या लक्षात आलं.

हातमोजे त्यांनी घातलेच नाहीत. उघड्या हाताने रोडगा उचलला, फोडला, तूप ओतलं, खाल्ला. आमचे हे वरणाची वाटी हातात धरून उभे.

"धुराची चव नाई," मामाजी म्हणाले.

हरले, असंच वाटलं. मी परात घासायला उचलली. त्यांनी दुसरा रोडगा घेतला. तो खाता खाता काचेतून आत बघत विचारलं, "एका खेपेले किती मावते यात?"

दोन्ही जाळ्या लावल्या तर पंधरा-वीस, मी सांगितलं. त्यांनी हात धोतराला पुसले, फोन शोधला, दारातल्या खुर्चीवर जाऊन बसले. पाणी वाहत होतं तरी मला ऐकू आलं. मी नळ बंद केला.

"अबे, बाहेरगावी कायले जाऊ? आमी घरीच हावो," ते मित्राला सांगत होते. "सगळ्यायले घेऊन ये. गोवऱ्या आणू नको."