मिठागराकाठची चेटकीण

माझी अराबामावशी मंगळवारी जन्मली. मंगळवारी आमच्या किनाऱ्यावरचे कोळी समुद्रात जात नाहीत. तो दिवस समुद्राचा स्वतःचा. त्यामुळे तिचा बाप घरी होता, होड्या वाळूत ओढून ठेवलेल्या होत्या आणि सगळं गाव जाळी सांधत बसलं होतं. "सुटीच्या दिवशी आलीय, जन्मभर खेळणार ही," असं सुईण म्हणाली म्हणे.

तसंच झालं. आमची आजी मातीच्या भट्ट्यांवर मासळीला धुरी द्यायची. अंगणभर निळसर धूर असायचा आणि त्या धुरातून मावशी बाहेर यायची ती दर खेपेला वेगळीच कुणीतरी होऊन. कधी लंगडणारा पाद्री, कधी गावप्रमुखाची थोरली बायको, कधी गाभण शेळी. बायका पोट धरून हसायच्या. ती स्वतः मात्र हसायची नाही. कुठंतरी लांब बघत असायची, झोपेतून अर्धवट उठल्यासारखी.

मोठी झाल्यावर ती एका नाटकमंडळीबरोबर राजधानीला, अक्राला गेली आणि तिथून टेलिव्हिजनवर. तेव्हा रविवारी संध्याकाळी आमच्या भाषेतलं नाटक लागायचं. आपल्याला नवरी करतील असं तिला वाटलं होतं. पण दिग्दर्शक अमिसासाहेब तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तू तरुण आहेस गं, पण तुझे डोळे फार म्हातारे आहेत." तिच्या तोंडाला पांढरी माती फासली, केसांत राख घातली आणि तिला चेटकीण केलं.

त्या चेटकिणीचं हसू तिनं स्वतः शोधून काढलं होतं. मान तिरकी, ओठ मिटलेले, आवाज नाही. नुसते खांदे हलायचे. देशभरातली पोरं रविवारी आईच्या लुगड्यात तोंड खुपसून झोपायला लागली.

मी तेव्हा शाळेसाठी तिच्याकडे राहत होते. तिच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे गंमत असायची. टोमॅटोवाली आम्हाला बघताच ढिगावर फडकं टाकायची.

"आई, आज टोमॅटो विकायचे नाहीत."

"मग मांडलेत कशाला?"

"हवा खायला."

ट्रोट्रोत, म्हणजे भाड्याच्या वडापगाडीत चढावं तर गाडीवाला हात जोडायचा. "आजीबाई, तुम्हाला गाडी कशाला? उडत जा की!"

"पंख धुवायला टाकलेत रे," मावशी म्हणायची आणि त्याच्याच शेजारी ऐसपैस बसायची. गाडी भराभर रिकामी व्हायची. आम्ही दोघी राणीसारख्या घरी यायचो.

एका वर्षी सणाला आम्ही गावी गेलो. ढोल वाजत होते, जो तो पांढऱ्या कपड्यांत होता. गर्दीतून एक बाई वाट काढत आली आणि मावशीच्या पाया पडली.

"आई, तुमचे फार उपकार. तुमच्यामुळे आम्ही आमची चेटकीण ओळखली."

"कुणाला?"

"आमच्या गल्लीतली येनिवा हो. तिचा नातू तापानं गेला, तर ही दारात बसून हसत होती. अगदी तुमच्यासारखी. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. पोरांनीच ओळखली. सगळ्यांनी मिळून हाकलली."

मावशीनं तिला हात धरून उठवलं. मग अगदी हळू म्हणाली, "अगं, ती रडत असेल."

"टीव्हीवर तर असंच हसतात," बाई म्हणाली आणि ढोलांकडे निघून गेली.

येनिवा कुठं आहे ते कुणी सांगेना. शेवटी एका मीठवाल्यानं बोट दाखवलं. ऊन उतरायला लागलं तेव्हा आम्ही मिठागरांच्या बांधावरून चाललो होतो. दोन्ही बाजूंना पाणी इतकं स्थिर, की आभाळ खाली पडून राहिलंय असं वाटत होतं. बगळे त्या आभाळावर पाय ठेवून चालत होते. पार टोकाला मीठ साठवायची एक पडकी खोपी होती.

खोपीतल्या म्हातारीनं मावशीला पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली, की बगळे उडाले.

"आली! खरी चेटकीण आली!" आणि मूठभर मीठ तिनं मावशीच्या तोंडावर फेकलं.

मावशी तिथंच चिखलात बसली. डोक्याचं फडकं सोडलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिठानं का कशानं, मला कळलं नाही. "हात लावून बघ, आजी," ती म्हणाली. "नीट चोळून बघ. माती लागते का हाताला?"

येनिवा जवळ यायलाच तयार नव्हती. मग एक बोट पुढं केलं, मग सगळा हात. मावशीचा गाल तिनं भांडं घासावं तसा घासला.

"तू तर पोर आहेस!"

"ते मला म्हातारी करतात, आजी. पडद्यावर."

"का? गावात म्हाताऱ्या कमी पडल्या?"

मावशीला हसू आलं. मोठ्यानं, दात दाखवून, खोकला लागेपर्यंत. तिला तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

येनिवाला आम्ही आजीच्या घरी ठेवलं आणि मावशी अक्राला परतली ती थेट अमिसासाहेबांकडे, पडद्यावर खरं सांगू द्या म्हणून.

"नाटक हे नाटक असतं, अराबा. लोकांना कळतं ते."

"कळलं असतं तर येनिवा आज तिच्या दारात असती."

साहेब काही दिवस चिडून होते. मग म्हणाले, "एकदाच. शेवटच्या प्रवेशात. पुढचं मला माहीत नाही."

त्या रविवारी चेटकीण पडद्यावर आली, खाली बसली आणि शियाच्या बियांचं लोणी घेऊन तोंड पुसायला लागली. घाई नाही. आधी कपाळ उजळलं, मग गाल, मग हनुवटी. "मी अराबा, कोळ्याची मुलगी," ती म्हणाली. "ते हसू मी बनवलंय. तुमच्या गल्लीतल्या म्हातारीच्या तोंडावर ते दिसलं तर लांबून दगड मारू नका. जवळ जा. ती रडत असते."

काही घरांत लोक रडले. काही घरांत टीव्ही बंद झाले. एका धर्मोपदेशकानं सांगितलं, की खरी चेटकीण नेहमीच 'मी चेटकीण नाही' म्हणते. मावशीला पुढं बोलावणंच येईना.

तिनं अक्रातलं घर विकलं आणि मिठागराकाठी नवीन बांधलं: लांबलचक, ओळीनं खोल्या, पुढं पडवी. पहिली खोली येनिवाची. मग बायका यायला लागल्या. कुणी किनाऱ्यावरच्या गावातून, कुणी जंगलपट्ट्यातून, सानातू नावाची एक तर थेट उत्तरेकडून, एक चटई आणि एक कोंबडी घेऊन. दिवसा त्या मासळीच्या भट्ट्या पेटवायच्या, मावशी रेडिओवर जाहिरातींना आवाज द्यायची आणि त्यावर घर चालायचं. कधी चालायचं नाही. मग आंबवलेल्या मक्याचे गोळे, केंके, आणि तिखट, एवढंच जेवण. संध्याकाळी सगळ्या पडवीत बसून आपापल्या भाषेत बोलायच्या, एकमेकींना न कळणाऱ्या गोष्टींवर माना डोलवायच्या.

काही वर्षांनी येनिवाची मुलगी चांगलं कापड घेऊन आली आणि तिला गल्लीत घेऊन गेली. येनिवा आठवडाभरात परत.

"काय झालं गं? कुणी बोललं का काही?"

"नाही. सगळे फार गोड बोलतात तिथं. झोपच लागत नाही."

ती गेली तीही त्याच खोलीत, दुपारच्या झोपेत. अख्खी गल्ली अंत्ययात्रेला आली, लाल-काळे कपडे घालून, छाती पिटत. मावशीनं त्यांना पाणी दिलं. 

गेल्या वर्षी अक्राहून एक तरुण दिग्दर्शिका आली. तिला लग्नाच्या प्रसंगासाठी आजी हवी होती. मावशीचे केस आता राख न लावताच पांढरे झालेत.

"येते की," मावशी म्हणाली. "पण एकटी नाही."

सगळा घोळका बसमधून गेला. नवरीमागं ओळीनं बसला. मांडलेलं जेवण प्रसंग संपायच्या आधीच फस्त केलं, तेव्हा ते दुसऱ्यांदा रांधावं लागलं.

मालिका लागली त्या संध्याकाळी पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. गावची पोरंही आली होती. पडद्यावर लग्न लागलं. नवरीच्या मागं निळ्या कापडात, सोनेरी उजेडात, एक म्हातारी बाई मान ताठ ठेवून बसली होती.

सानातूनं डोळे बारीक केले. पुढं सरकली, मावशीच्या दंडाला धरलं आणि विचारलं, "अराबा, ही कोण गं एवढी देखणी?"



"तूच सांग," मावशी म्हणाली.

सानातूनं आपल्या अंगावरच्या त्याच निळ्या कापडाला हात लावला आणि पडद्याकडे बघतच राहिली.