हनुवटीवरचा कॅमेरा

लॅबमध्ये तिला सगळे नमुनाताई म्हणत. शहरभरच्या दवाखान्यांतून रक्ता-लघवीचे नमुने गोळा करून लॅबमध्ये पोचवायचे हे तिचं काम, म्हणून नमुनाताई. 'काय नमुना आहे ही बाई' असंही त्यात असायचं, पण त्याचं तिला काही वाटत नसे. सकाळी सातला मोटरसायकलच्या मागे बर्फाच्या पिशव्या भरलेली निळी पेटी बांधायची आणि निघायचं. रक्ताची नळी जोरात हिंदकळली की नमुना वाया जातो, पेशंटला पुन्हा टोचावं लागतं, आणि वर बोलणी खावी लागतात ती वेगळीच. अकरा वर्षांत तिचा हात असा बसला होता की रस्त्यातला खड्डा पेटीला कधी कळायचाच नाही. लॅबमधले जुने टेक्निशियन काका म्हणायचे, हिच्या मागे भरलेला पेला ठेवा, थेंब सांडला तर माझं नाव बदला.

नवरा एका फोटो स्टुडिओत लग्नाच्या फिल्मा जोडायचा. त्याचा आवाज असा, की ऐकणाऱ्याने हातातलं काम ठेवून द्यावं. गाडी मात्र त्याला चालवता येत नव्हती. एकोणिसाव्या वर्षी पडला होता, गुडघा गेला होता, त्यानंतर त्याने हँडलला हात लावला नाही. बायकोच्या मागे बसून कामावर जायचा आणि स्टुडिओच्या अलीकडच्या कोपऱ्यावर उतरून पुढचं चालत जायचा. तिने त्याला कारण कधी विचारलं नाही. माणसाचं काहीतरी झाकलेलं असतंच, असं तिचं मत होतं.

स्टुडिओत एक जुना अ‍ॅक्शन कॅमेरा पडून होता. मालकाने तो त्याला देऊन टाकला आणि एका रविवारी दोघं घाटरस्त्याला गेली. हँडलवर लावला तर इंजिनाची थरथर चित्रात उतरली. डोंगर हिवताप झाल्यासारखे कापत होते. टाकीवर लावला तर नुसता मीटर दिसला. मग छातीवर बांधायचे पट्टे आणले, ते पुरुषाच्या मापाचे. तिला ते बसेनात, आणि कॅमेरा सगळा वेळ आकाश टिपून घरी आला. हेल्मेटच्या डोक्यावर लावला तर वाऱ्याने मान मागे ओढली जायची, संध्याकाळी शेक घ्यावा लागला. नवरा कंटाळला. ती मात्र इरेला पेटली.

कॅमेरा हनुवटीपाशी, अगदी तोंडासमोर हवा, हे तिनेच ताडलं. पण हेल्मेट तिथे गोल आणि कॅमेऱ्याची बैठक सपाट. तिने बैठकीच्या कडा कानशीने घासून गोलाई आणली, स्पिरिटचा बोळा फिरवून हेल्मेट पुसून घेतलं, चिकटपट्टी हेअर ड्रायरने गरम करून दाबून धरली आणि अख्खा दिवस कुणाला तिथे बोट लावू दिलं नाही. वर नायलॉनची दोरी बांधली, सुटलाच तर रस्त्यावर न पडता लटकावा म्हणून.

पुढच्या रविवारी चित्र असं आलं की दोघंही बघतच राहिली. घाट लोण्यासारखा उलगडत होता. खाली हँडल आणि त्यावर काळ्या हातमोज्यातले दोन हात, एवढंच माणूस म्हणून दिसत होतं. आवाजाच्या जागी नुसता वाऱ्याचा घोंघाट होता, तो त्याने काढून टाकला आणि घरी बसून आपला आवाज घातला. "मित्रांनो, हे वळण फसवं आहे, इथे मी ब्रेकला हात लावत नाही."

"'मी' कसं काय?" तिने हसत विचारलं.

"अगं, 'माझी बायको ब्रेकला हात लावत नाही' हे ऐकायला कसं वाटेल?" तोही हसला.

स्वतःचं चॅनेल काढून त्याने ते इंटरनेटवर टाकलं, आणि लोकांना ते फार आवडलं. भाऊ, काय हात आहे तुमचा. भाऊ, इतकं सफाईदार कसं जमतं? खरं काय ते पुढच्या वेळी सांगतो, असं तो तिला म्हणाला, आणि पुढची वेळ काही आली नाही. तीही मूग गिळून राहिली, कारण घरातलं वातावरण बदललं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच नवरा शीळ घालत जिना चढत होता. दर रविवारी तो पायथ्याशी उतरून टपरीवर चहा पीत बसे, ती घाट चढून उतरून येई, आणि आठवडाभर तो त्या घाटाबद्दल असा बोले की तिलाही आपण नक्की कुठे जाऊन आलो याचा संभ्रम पडावा.

वर्षभराने एका हेल्मेट बनवणाऱ्या कंपनीने त्याला हेल्मेट पाठवायचं ठरवलं. डोक्याचं माप विचारलं. त्याने स्वतःचं सांगितलं.

हेल्मेट तिच्या डोक्यावर डुगडुगत होतं. हे घालून मी जाणार नाही, म्हणाली. त्याने आत कापडाची घडी घाल म्हणून सुचवलं, एकदाच जा म्हणाला, गाडीच्या आरशात हेल्मेटवरचं कंपनीचं नाव दिसलं की झालं. शब्द दिलाय, आता मागे कसा फिरू, असं तो तीन दिवस म्हणत राहिला. चौथ्या दिवशी ती गेली. उतारावर रस्ता खडबडीत होता. पुढे कॅमेऱ्याचं वजन, आत सैल डोकं. एका धक्क्यासरशी हेल्मेट खाली घसरून डोळ्यांवर आलं. दोन सेकंद तिला काहीच दिसलं नाही. गाडी चरात गेली आणि तिच्या डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं.

कुणीतरी टपरीवर येऊन सांगितलं, तेव्हा तो दुखऱ्या गुडघ्याने चढ धावत आला. आधी तिला उचललं, कॅमेरा नंतर पाहिला, हे ती पुढेही प्रामाणिकपणे सांगायची.

तिसऱ्या दिवशी ती आतल्या खोलीत पडली होती, हात गळ्यात बांधलेला. बाहेरून त्याचा आवाज आला. "मित्रांनो, रविवारी मी मरता मरता वाचलो." आवाज असा भरून आला होता की क्षणभर तिलाच त्याची काळजी वाटली.

भाऊ, लवकर बरे व्हा, म्हणून माणसं लिहू लागली. मग पत्ता काढून प्रत्यक्ष येऊ लागली. पहिली चार मंडळी आली तेव्हा तो खोलीत शिरला, कपाटातून तिचा जादाचा झोळीपट्टा काढला आणि आपला डावा हात त्यात अडकवून बाहेर जाऊन बसला. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि चहा टाकायला गेल्या. पाहुणे गेल्यावर त्यांनी आणलेली सफरचंदं सासूबाईंनी चिरली आणि बशी तिच्यापुढे ठेवली.

"खा. तुझीच आहेत."

"हे त्यांच्यासमोर म्हणायचं होतं, आई."

सासूबाई साली गोळा करत राहिल्या.

एका घरात दोन झोळ्या झाल्या. एक दुखायची, दुसरी बेल वाजली की चढायची. दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला. नमुने कुणासाठी थांबत नाहीत, लॅबने दुसरा माणूस ठेवला होता. काका खूप वेळ हवापाण्याचंच बोलले आणि शेवटी कसंबसं हे सांगून मोकळे झाले. तिने त्यांनाच धीर दिला.

संध्याकाळी तिने नवऱ्याला म्हटलं, "माझं काम गेलं. आता तरी खरं सांगा. एवढंच मागते."

तो झोळीच्या गाठीशी चाळा करू लागला. "सांगितलं तर माझं काय उरतं गं?"

"आणि माझं?"

"तुला काय, तुला गाडी येते," तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

सकाळी तो आंघोळीला गेला तेव्हा तिने हेल्मेट टेबलावर ठेवलं, एका हाताने कॅमेऱ्याचा खटका काढून त्याचं तोंड आपल्याकडे फिरवलं आणि समोर बसली. गाडी मी चालवते, हेल्मेट माझ्या मापाचं नव्हतं, पडले ती मी, हाड माझं मोडलंय. सव्वा मिनिटात झालं. शिव्या नाहीत, रडणं नाही. त्याच्याच फोनवरून तिने ते त्याच्या चॅनेलवर टाकलं.

नवरा भडकेल, निदान पुसून टाकेल, असं तिला वाटलं होतं. त्याने दोन्ही केलं नाही. कॉटवर बसून त्याखाली लोकांनी लिहिलेलं तासभर वाचत राहिला, हळूहळू त्याचे खांदे सैल झाले, आणि मग त्याने फोन तिच्याकडे सरकवला. "वाच."

वहिनी, भाऊ आजारी असताना असं बोलणं शोभत नाही. घरातली भांडणं घरात मिटवा. वहिनींनाही लागलंय म्हणजे मागे बसल्या असणार. एकाने लिहिलं होतं, समजा चालवत असतील, तरी शिकवलं कुणी? त्याखाली हसरे चेहरे होते, शेकड्यांनी. लॅबमधल्या एका मुलीने लिहिलं होतं की ताई खरंच फार छान गाडी चालवतात. तिला कुणी उत्तर दिलं नव्हतं. सगळ्यांत वर नवऱ्याने स्वतः लिहिलेली ओळ होती, नुकतीच. 'ती सध्या फार ताणात आहे. कृपया सांभाळून घ्या.'

ती ओळ दोनदा वाचून तिने फोन खाली ठेवला. भांडली नाही. धारदार सुरीने कापावं तसं काहीतरी आत कापलं गेलं होतं, त्याला आवाज नव्हता.

हाड जुळेपर्यंत ती त्या घरात राहिली, कारण एका हाताने गाडी नेता येत नव्हती आणि गाडी मागे ठेवायची तिची तयारी नव्हती. मग मोठ्या बहिणीकडे गेली. चार महिन्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या लॅबमध्ये लागली. खांदा थंडीत दुखतो आणि डाव्या वळणाला ती आता जरा जास्त जपते. नवऱ्याने कोणीतरी तरुण पोरगा गाठला आहे म्हणे, हात त्याचे, आवाज ह्याचा. चित्र पूर्वीपेक्षा हलतं. अपघातानंतर भाऊ जपून चालवतात, असं लोक समजतात.

परवा एका दवाखान्यात ती नळ्या घ्यायला उभी होती. कंपाउंडर तिच्याकडे निरखून पाहत होता. शेवटी न राहवून त्याने विचारलंच.

"तुम्ही त्या घाटवाल्या भाऊंच्या मिसेस ना? हात बरा झाला का त्यांचा?"

तिने नळ्यांवरची नावं चिठ्ठीशी ताडून पाहिली, पेटीचं झाकण दाबून बसवलं.

"झाला," ती म्हणाली आणि वहीत सही करून बाहेर पडली.