ठकू शिवायला शिकली

एकट्या माणसाजवळ किस्से फार साठतात. सांगायला कोणी नसतं, म्हणून ते खर्चच होत नाहीत! माझ्याजवळचे सगळे ठकूचे. ठकू माझी भाची, वय वर्षं आठ. ताई गेली तेव्हा दाजी तिला तिसगावला माझ्याकडे सोडून साखर कारखान्यावर परत गेले. जाताना म्हणाले, "दिवाळी झाली की नेतो." मी घरीच शिवणकाम करणारा, आई गेल्यापासून एकटा. लहान मुलीशी बोलायचं काय, ते मला समजेना. म्हणून शिवायला शिकवलं.

*

आधी सुई ओवणं. ते तिला एका दिवसात आलं. माझी नजर चांगली आहे, पण मी उगाच हाक मारायचो, "ठकू, दिसत नाही गं, ओवून दे." तेवढीच ती जवळ येऊन बसायची.

एके सकाळी पाहतो तर घरातल्या सगळ्या सुया ओवून ओळीनं टोचून ठेवलेल्या!

"घे," ती म्हणाली. "आता दिसभर हाक मारू नगंस!"

त्या दिवशी मी खरंच कुणाशी बोललो नाही.

*

मग धावदोरा.

"टाके बारीक घाल," मी म्हणालो.

"किती बारीक?"

"मुंगीच्या पावलाएवढे."

ठकू उठून गेली ती बराच वेळ दिसेना. पाहतो तर भिंतीशी उकिडवी बसलेली, नाक जमिनीला टेकलेलं.

"काय करतेस गं?"

"माप घेती. पर ही बया थांबंल तर ना!"

*

लढाई चालू होती, कापडावर कंट्रोल. नवं शिवायला आणणार कोण? सगळं रफू आणि ठिगळं. मी ठकूला बजावून ठेवलं होतं, "भोक दिसलं की बुजवायचं."

शाळेतल्या गुरुजींचा कोट आला. दोन्ही कोपरांना भोकं. ठकूनं ती सुरेख बुजवली. आणि पुढची बटणांची पाच काजंही बुजवली!

गुरुजी कोट अंगात घालून काज शोधू लागले. मी घामाघूम. चौथीतून शाळा सोडली, तेव्हापासून त्यांच्यापुढे माझी मान वर होत नाही.

गुरुजी ठकूला म्हणाले, "पोरी, तुझा मामाही वर्गात असाच. सांगितलं ते इमानानं करायचा, आणि मग मी उसवत बसायचो!"

*

दिवाळीच्या तोंडावर ठकूनं चिंध्यांचा बाहुला शिवला.

"हा कोण?"

"तू."

टोपी होती, हात होते, बोटाला सुईसुद्धा होती. तोंड नव्हतं.

"अगं, तोंड राहिलं की!"

"तुला कुटं लागतंय?"

*

दिवाळी झाली. दाजी आले. पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर चालणारी नगरची मोटार आमच्या घरासमोरच थांबायची. ठकूचं गाठोडं दारात, मोटार गुरगुरत उभी. दाजी म्हणाले, "निवृत्ती, पोरगी इथं रमली असं दिसतंय. तू 'ठेवा' म्हणालास तर ठेवतो. बोल."

मला 'ठेवा' एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "दाजी, पोर तुमची, तुम्ही..."

"मामा, तुझं बटन लोंबतंय!" ठकू ओरडली.

ते बटण सकाळी घट्ट होतं. पण ती सुई घेऊन पुढं आली आणि माझ्या दातांत दोऱ्याचा तुकडा दिला. अंगावरच्या कपड्याला टाका घालताना आमच्याकडे असा दोरा धरतात आणि काम पुरं होईपर्यंत बोलत नाहीत. बोललं की अपशकुन!

"अरे, बोल की!" दाजी म्हणाले.

"बोलू नगंस मामा, सुई आत हाय."

मोटारीचा भोंगा वाजला. ठकूनं चारही भोकांतून दोरा घेतला. मग परत घेतला. मुंगीच्या पावलाएवढे टाके. ड्रायव्हरनं दोनदा हाका मारल्या, शिव्या दिल्या. शेवटी मोटार धूर सोडत निघून गेली. दाजी कपाळाला हात लावून ओट्यावर बसले.

ठकूनं गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि माझ्या तोंडातला तुकडा काढून घेतला.

"हं," ती म्हणाली. "आता नीट बोल!"