नऊ हेलपाटे

मेंढी खांद्यावर आडवी, तिचे पुढचे पाय एका मुठीत, मागचे दुसऱ्या मुठीत. अशा थाटात आबा दवाखान्याच्या दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "डाक्टर, हिचं तेवढं बघा की."

मी डॉक्टर नव्हे. हुपरीजवळच्या एका खेड्यात जनावरांच्या दवाखान्यात औषध पाजणारा, लस टोचणारा साधा माणूस. हे आबांना दहा वेळा सांगून झालं होतं. "असू दे की," म्हणायचे.

एकटी मेंढी चालत नाही. कळपापासून तोडली की पाय रोवून ओरडत राहते. म्हणून आबा तिला खांद्यावर घालून दोन किलोमीटर यायचे. नऊच मेंढरं होती त्यांची. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक आजऱ्याला दिलेली. पावसाळ्याच्या तोंडावर मेंढरांना जंताचं औषध पाजायचं, वाढलेली खुरं कापायची, लस टोचायची. ही कामं आली की आबांची रोज एक मेंढी सुरू व्हायची.

काम पाच मिनिटांचं. मग मेंढी बाकाला बांधायची आणि म्हणायचं, "बसतो की वाईच." त्यांचं वाईच दुपारपर्यंत चालायचं. मेंढी ओरडत राहायची, आबा बोलत राहायचे. ही मेंढी कुणाची लेक, ती कशी हावरट, गेल्या पावसात चिखलानं कुणाचं खूर सडलं होतं. तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा माणूस येऊन बसत असेल. आपण मान डोलवतो आणि घड्याळाकडं बघतो.

गंमत म्हणजे आबांना माझ्याहून जास्त कळायचं. मेंढीची खालची पापणी ओढून आतला रंग बघितला की पोटात जंत आहेत का, ते सांगायचे. तरी मला विचारायचे, "किती पाजू म्हणता?" आणि माझं उत्तर पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायचे.

मी मुळातच तापट. त्यात त्या वर्षी दवाखान्यात दोघांच्या कामाला मी एकटाच उरलेला. आबांची चौथी मेंढी आली त्या दिवशी माझा तोल गेला. "आबा, नऊ मेंढरांस्नी नऊ हेलपाटे? लसीची बाटली फोडली की त्याच दिवशी संपवावी लागती. एकेका मेंढीसाठी किती फोडू? उद्या मीच येतो. सगळी एकदम करून टाकू."

आबा हसले. "व्हय की. तुमचा बी येळ जातुय."

त्या दिवशी ते बसले नाहीत.

सकाळी मी गेलो. उसाच्या कडेला त्यांचं घर आणि शेजारी मेंढरांचा वाडगा. वाडग्यातली जमीन कोरडी, वर चुना टाकलेला. लोकर कातरून झालेली. एकेकीचं खूर उचलून बघत गेलो. नऊच्या नऊ मेंढरांची खुरं नेटकी कापलेली होती. दवाखान्यात न आलेल्या पाचांचीसुद्धा. लस आणि औषध सोडलं तर मला तिथं काही कामच नव्हतं.

आबांनी दोन कप चहा ठेवला होता आणि दारात घोंगडं टाकलं होतं. मी चहा उभ्याउभ्याच घेतला आणि गाडीला किक मारली.

"झालं व्हय? येवढ्यात?" आबा म्हणाले.

आपण त्यांचे उरलेले हेलपाटे वाचवले, याच खुशीत मी निघालो. गाढव होतो मी, दुसरं काय?

आबा त्यानंतर आले नाहीत. पाऊस सरला, दसरा झाला, पुन्हा औषधाचे दिवस आले. दवाखान्याचा बाक मोकळाच. रोज सकाळी मी दाराकडं बघायला लागलो. शेवटी औषधाची बाटली घेऊन मीच गेलो.

वाडगा रिकामा होता. घराला कुलूप. शेजारची बाई बाहेर आली.

"आबा व्हय? लेक घेऊन गेली आजऱ्याला. हितं एकलं किती दिस ऱ्हाणार? मेंढरं कुरुंदवाडच्या पावण्यास्नी दिली. समदी एकाच दावणीला ऱ्हाऊ देत म्हणालं, त्यास्नी एकलं करमत न्हाय." मग माझ्या हातातल्या बाटलीकडं बघून म्हणाली, "तुमीच काय डाक्टर? तुमास्नी निरोप हाय. म्हणालं, आता माझा हेलपाटा न्हाय म्हणून सांग."

मी बाटली पायरीवर ठेवली.

"च्या ठेवू?" तिनं विचारलं.

"ठेवा," म्हटलं, आणि आबांच्या बंद दारासमोर खाली बसलो. मला कसलीच घाई नव्हती.