राखीव गोलकीपर

शिरीषला मी एकोणीस वर्षं ओळखते. त्यातली निदान सतरा वर्षं तो ‘पुढच्या उन्हाळ्यात’ पुण्याला परत जातो आहे. इथे जर्मनीत, ब्योब्लिंगेनमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहतो, त्सुफेनहाउझेनला नोकरीला जातो आणि बाणेरला घेतलेल्या फ्लॅटच्या पडद्यांची चर्चा करतो. पडदे अजून लागलेले नाहीत. ही गोष्ट खरं तर त्याच्या मुलाची, शार्दूलची आहे. पण बापाला वगळून ती सांगताच येत नाही, म्हणून त्याच्यावरचा राग मी आधीच काढून घेतला.

शार्दूल पाच वर्षांचा असताना माझ्या शिवांगीच्या वाढदिवसाला आम्ही सगळी पोरं बर्फाच्या हॉलमध्ये स्केटिंगला नेली होती. बाकीची पोरं प्लास्टिकच्या पेंग्विनला धरून रडत-पडत फिरत होती. हा मात्र कोपऱ्यातल्या गोलच्या जाळीपुढे जाऊन उभा राहिला. कोणी जवळ आलं की हात पसरायचा. केक कापायची वेळ झाली तरी हलेना. शेवटी नीताने, त्याच्या आईने, त्याला उचलून आणला, तर तिच्या खांद्यावरून तो त्या जाळीकडेच बघत होता.

त्यानंतर दहा-बारा वर्षं नीता त्याच्याएवढीच मोठी बॅग ओढत त्याला एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, आइस हॉकीच्या सरावाला नेत होती. घामट पॅड गॅलरीत वाळत पडायचे आणि तो वास थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचा. मी भांडायला वर जायची आणि नीताच्या हातचा चहा पिऊन खाली यायची. शाळेनंतर पोराने इंजिनिअरिंग न करता गॅरेजमध्ये आउसबिल्डुंग घेतलं, म्हणजे हात काळे करून काम शिकायचं. का, तर सरावाला वेळ मिळतो म्हणून. आमच्या मराठी मंडळात तेव्हा शिरीषचं सांत्वन करायला लोक यायचे, जणू घरात काही वाईट घडलंय.

तो एकोणीस वर्षांचा झाला आणि क्लबच्या मॅनेजरने बोलावलं. संघ व्यावसायिक, लीग दुसऱ्या दर्जाची, जागा दुसऱ्या गोलकीपरची, करार दोन वर्षांचा. फक्त जर्मन पासपोर्टची एक प्रत हवी होती.

पासपोर्ट भारतीय होता.

या खेळात प्रत्येक संघाला परदेशी खेळाडू मोजकेच घेता येतात. त्या जागा कॅनडाच्या, फिनलंडच्या गोल मारणाऱ्या पोरांसाठी ठेवतात. बाकावर बसणाऱ्या राखीव गोलकीपरवर परदेशी जागा कोण घालवणार? चौथ्या वर्षापासून इथे वाढलेला, इथल्या श्वाबियन बोलीत भांडणारा आमचा शार्दूल कागदावर परदेशी निघाला. मॅनेजर बिचारा दोनदा म्हणाला, “पण तू तर इथलाच ना?”

आणि हे टाळता आलं असतं. काही वर्षांपूर्वी नीताने सगळ्या कुटुंबाचे नागरिकत्वाचे अर्ज आणून टेबलावर ठेवले होते. तेव्हा मी तिथेच बसले होते. शिरीष म्हणाला, “परत जायचंच आहे तर कशाला? माझ्या मुलाने पुण्याच्या विमानतळावर परदेशी माणसांच्या रांगेत उभं राहायचं का?” त्याचा आवाज भरून आला होता, म्हणून आम्ही दोघींनी विषय सोडला. अर्ज खणात गेले. पुढे दरवर्षी नीता आठवण करायची आणि दरवर्षी तो म्हणायचा, उन्हाळ्यात बघू. घोंगडं भिजतच पडलं. आमच्यातल्या निम्म्या घरांत अशी घोंगडी भिजत पडली आहेत, आमच्याही घरात आहे.

करार हुकल्यावर शार्दूलने स्वतःचा अर्ज स्वतः भरला. बापाला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. कागदपत्रं, परीक्षा, वाट पाहणं यात अडीच वर्षं गेली. पासपोर्ट हातात आला तो वरातीमागून घोडं यावं तसा. क्लबमध्ये तोवर दोन वर्षांनी लहान पोरगा दुसरा गोलकीपर झाला होता.

मग शार्दूल तिसरा झाला. तिसरा म्हणजे काय, तर सकाळी दहाला सरावात उभं राहून सगळ्या संघाचे फटके अंगावर घ्यायचे, आणि दोन ते दहा गॅरेजमध्ये गाड्यांखाली पडायचं. सामन्याच्या दिवशी प्रेक्षकांत बसायचं. संघाच्या अधिकृत यादीला तो ‘काडर’ म्हणतो. त्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

एकदा जिन्यात भेटला. गुडघ्यावर बर्फ बांधलेला होता.

“किती दिवस असं रे?” मी विचारलं.

“कोणाला तरी लागेपर्यंत, मावशी.”

“म्हणजे?”

“दोघांपैकी एकाला लागलं की मी काडरमध्ये. गेनाऊ, अगदी तसंच.” तो हसला, मग हसू गेलं. “रोज सरावाला जाताना मनात येतं, आज त्याचा पाय मोडेल. मग तो हॅलो म्हणतो, छान मुलगा आहे, आणि मला स्वतःचीच लाज वाटते.”

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. एवढा उंच झालाय की त्यासाठी मला एक पायरी वर चढावं लागलं.

या जानेवारीत त्या छान मुलाचा गुडघा खरंच गेला. शार्दूलचं नाव यादीत लागलं. नीताने पुरणपोळ्या केल्या आणि दुसऱ्याच्या दुखण्यावर सण केला म्हणून मग स्वतःच रडली. पहिला गोलकीपर फिनलंडचा, घोड्यासारखा तंदुरुस्त, एक सामना चुकवत नव्हता. शार्दूल अकरा सामने बाकावर बसला. राखीव गोलकीपरचं काम असतं बाकासमोरच्या कठड्याचं दार उघडायचं. खेळाडू आत येतात, बाहेर जातात, हा दार उघडतो आणि लावतो. फेब्रुवारीत मॅनेजरने सांगून टाकलं की पुढच्या मोसमात त्याच्या जागी एकोणीस वर्षांचा मुलगा येतोय. म्हणजे शार्दूलला उरला एकच, मोसमातला शेवटचा सामना.

त्या रविवारी आम्ही चौघं गेलो. माझे यजमान वासुदेव, मी, नीता आणि शिरीष. शिरीष इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आला होता. मला म्हणाला, “मालिनीताई, एक मिनिट तरी उतरवतील ना?”

“आपण जिंकत असलो तर उतरवतात म्हणे.”

आणि आपण जिंकत होतो! शेवटची सहा मिनिटं उरली तेव्हा चार-एक झालं होतं. नीता डोळे मिटून पुटपुटत होती. मी देवाकडे त्या फिनलंडच्या पोराचा पाय फार नाही, थोडासा मुरगळावा एवढंच मागत होते. तेवढ्यात ट्रेनरने मागे वळून शार्दूलला खूण केली. त्याने टोपी काढली. हेल्मेट चढवलं. उठून उभा राहिला. शिरीषही उभा राहिला, त्याचे दोन्ही हात छातीशी.

खेळ थांबायची वाट पाहायची होती, तेवढंच. तो थांबला, पण समोरच्यांच्या गोलने. चार-दोन. ट्रेनरने हात आडवा केला, जरा थांब. चाळीस सेकंदांत चार-तीन. मग त्याने मागे बघितलंच नाही. शार्दूल हेल्मेट घालून शेवटपर्यंत दाराशी उभा होता, आणि खेळाडू येत-जात होते तसा दार उघडत होता.

सामना जिंकला. लोक नाचत होते. आम्ही बाहेर गाडीपाशी जाऊन थांबलो. अर्ध्या तासाने शार्दूल आला, केस ओले, बॅग खांद्यावर. नीताने त्याला जवळ घेतलं. शिरीष दोन पावलं मागे होता. म्हणाला, “शार्दूल, माझं चुकलं रे. तेव्हाच अर्ज भरले असते तर तू पाच वर्षं खेळला असतास. मला वाटायचं, सही केली की परत जाणं संपलं.”

मला वाटलं, आता पोरगा फुटेल. फुटायला हवाच होता. पण त्याने बॅग खाली ठेवली आणि अगदी शांतपणे, खरंच जाणून घ्यायचं असावं तसं विचारलं,

“पण बाबा, तुम्ही तरी कुठे गेलात?”

शिरीष तिथेच पार्किंगमध्ये पोराच्या बॅगेवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. शार्दूल त्याच्या शेजारी उभा राहून त्याची पाठ चोळत राहिला.