रंगावरचा स्क्रू

गुणाजी म्हात्रे पेणजवळच्या रामवाडीहून एसटीने रोह्याच्या कंपनीत जायचा आणि उन्हाळाभर सगळ्यात आधी वीज जमिनीत उतरवणाऱ्या अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायचा. मीठ-कोळशाचे थर त्यात त्यानेच भरलेले. मिठागरावर वाढलेला वायरमन तो. जमिनीत ओल किती, हे त्याच्या तळव्यांना कळायचं.

पुण्याहून आलेले इंजिनिअर हर्षद साहेब खिडकीतून विचारायचे, "काय गुणाजी, तुळशीला पाणी घातलं? ॲक्च्युअली एक प्रदक्षिणाही घाल." साहेबांना ॲक्च्युअलीशिवाय घास उतरत नसे.

सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरात वीज कडाडली आणि कंपनीतले सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारे दोन स्विच त्यांच्या पत्र्याच्या रॅकमध्येच जळाले. साहेबांनी अहवाल ठोकला: गुणाजी म्हात्रे यांनी केलेले अर्थिंग सदोष. गुणाजीची रवानगी पंपहाउसवर झाली.

बायको रंभा म्हणाली, जाऊ द्या, पगार चालू हाय ना.

"नाय गो," तो म्हणाला. "त्या कागदावं माजा नाव हाय."

जळका रॅक भंगारात निघाला, तेव्हा हत्यारं ठेवायला म्हणून त्याने तो मागून घेतला. कुणी त्यात पाने ठेवा, डबे ठेवा, हरकत नव्हती. मागच्या हिरव्या, अर्थिंगच्या वायरीच्या स्क्रूला बोट लागलं, की मात्र तो खेकसायचा. ती वायर साहेबांनी स्वतःच्या हाताने आवळली होती, आणि तीही रॅकच्या राखाडी रंगावर. रंगातून वीज जात नाही; तो खरवडून पत्रा उघडा केल्याशिवाय खड्डा कितीही ओला ठेवला तरी उपयोग शून्य. गुणाजीने हे रॅक घेतानाच पाहिलं आणि सात महिने तोंड मिटून बसला. नुसतं खरं ठरून त्याचं भागणार नव्हतं. साहेब त्याला मॅनेजरसमोर हवे होते.

मे महिन्यात नवा रॅक, नवे स्विच आले. वजन पेलायला गुणाजीला बोलावलं. त्याने स्विच मुकाट धरून ठेवला; साहेबांनी दोन्ही बाजूंचे स्क्रू बसवले, मग हिरवी वायर घेतली आणि पुन्हा रंगावरच आवळली. गुणाजीला आतून इतका आनंद झाला, की त्याने खाली मान घातली.

मॅनेजर दिनानाथ साहेब काम झाल्याची सही करायला आले. गुणाजीने नम्रपणे विचारलं, एकदा मीटर लावून बघू का? खड्ड्याकडून आलेल्या वायरीला मीटरचं एक टोक, रॅकच्या उघड्या पत्र्याला दुसरं. जोड पक्का असता तर मीटर ओरडला असता; तो गप्प. मग त्याने हातगाडीवरून जुना रॅक आणवला. सगळ्यांसमोर त्यालाही तसंच मीटर लावलं. तोही गप्प. शेवटी त्याने जुना स्क्रू सोडवला, खालचा रंग पॉलिश पेपरने घासला, वायर परत आवळली. मीटर चीं करून ओरडला.

"ॲक्च्युअली..." साहेब म्हणाले.

दिनानाथ साहेबांनी तिथेच नवा अहवाल लिहायला लावला. हर्षद साहेबांनी घाम पुसत लिहिलं: रॅकच्या जोडणीत तांत्रिक त्रुटी आढळली, अर्थिंगचा खड्डा निर्दोष. गुणाजीने कागद मागून घेतला, अक्षरांखाली बोट फिरवत सावकाश वाचला आणि परत दिला.

"त्रुटी कुणाची ते लिवा साहेब. माजा नाव लिवताना तुमाला जड नाय गेला."

साहेबांनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर हातातल्या घड्याळाला किल्ली देत होते. साहेबांनी लिहिलं: हर्षद.

"आडनाव राहिला," गुणाजी म्हणाला.

साहेबांनी आडनावही लिहिलं.